प्रलय, तारू आणि सोडलेले पक्षी: प्राचीन कथा एकमेकींसारख्या का वाटतात?

१८७२ साली लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये जॉर्ज स्मिथ नावाचा एक तरुण मातीच्या फुटक्या पाट्यांचे तुकडे जुळवत बसला होता. त्याचे शिक्षण बेताचे होते. नोटांचे ठसे कोरण्याचे काम शिकत असताना, जेवणाच्या सुटीत संग्रहालयात जाऊन, तो बाणाच्या टोकांसारखी दिसणारी कीलाकार लिपी वाचायला शिकला होता. त्या पाट्या आजच्या इराकमधील मोसुल शहरासमोरच्या निनवे येथून, अश्शूरचा राजा अशुरबनिपाल याच्या ग्रंथसंग्रहातून आलेल्या होत्या. म्हणजे त्या इसवी सनापूर्वीच्या सातव्या शतकातल्या. एका तुकड्यावर त्याला असे वाचायला मिळाले की, एक मोठे जहाज डोंगरावर टेकले, त्यातून एक कबूतर सोडण्यात आले आणि बसायला कोरडी जागा न मिळाल्याने ते परत आले. बायबलमधल्या नोहाच्या तारवाची गोष्ट पाठ असलेल्या माणसाला यापुढचे सांगण्याची गरज नव्हती. ३ डिसेंबर १८७२ रोजी स्मिथने ही कथा लंडनमधील विद्वानांच्या सभेत वाचून दाखवली, तेव्हा इंग्लंडचे पंतप्रधान ग्लॅडस्टन स्वतः श्रोत्यांत बसले होते.

आपल्याकडे ही गोष्ट कोणाला नवी वाटणार नाही, कारण मनू आणि माशाची कथा आपण लहानपणापासून ऐकलेली असते. ग्रीकांकडे ड्यूकॅलिअन आणि पिऱ्हा हे जोडपे प्रलयातून वाचते आणि पाठीमागे दगड टाकून नवी माणसे निर्माण करते. चीनमध्ये महापूर आहे, मध्य अमेरिकेत आहे, पॅसिफिकमधल्या बेटांवरही आहे. मग साहजिकच प्रश्न पडतो की, एकमेकांना कधीही न भेटलेल्या माणसांनी एकच गोष्ट कशी रचली? या प्रश्नाचे सर्वांत लोकप्रिय उत्तर असे की, फार पूर्वी सगळ्या जगाला शिकवणारी एक प्रगत संस्कृती होती आणि ती पाण्यात बुडाली. हे उत्तर आकर्षक आहे हे मी मान्य करतो. पण ते साम्य फार दुरून पाहते. या कथा जवळून, तपशिलासह वाचल्या म्हणजे त्यांतली काही साम्ये फार अर्थपूर्ण ठरतात, काही अगदीच निरर्थक, आणि दोन-तीन खरोखर विचारात पाडणारी.

ही निवड करायची कशी, याची एक साधी कसोटी आहे. दोन कथांतला समान भाग परिस्थितीने आपोआप सुचेल असा असेल, तर त्या समानतेवरून काही सिद्ध होत नाही. नदीकाठी राहणारी माणसे पुराच्या गोष्टी सांगणारच, आणि पुराच्या गोष्टीत होडी येणारच. परंतु कथेत एखादा असा बारकावा असेल की जो तसाच असण्याचे काहीच कारण नाही, आणि तोच बारकावा दुसऱ्या कथेत त्याच जागी सापडला, तर मात्र त्या दोन कथांचा एकमेकींशी संबंध असला पाहिजे. परीक्षेत दोन विद्यार्थ्यांचे बरोबर उत्तर सारखे आले, तर शिक्षकाला शंका येत नाही. चूक सारखी आली की येते. तसेच हे आहे.

स्मिथला सापडलेल्या कथेला ही कसोटी लावून पाहू. गिल्गमेश महाकाव्याच्या अकराव्या पाटीवर शुरुप्पक नगरातला उत्नपिश्तिम आपली हकिकत सांगतो. देवांनी प्रलय आणण्याचे गुपचूप ठरवलेले असते, पण एआ हा देव झोपडीच्या बोरूच्या भिंतीशी बोलण्याचा बहाणा करून त्याला सावध करतो. डांबर लावलेले जहाज तयार होते, त्यात कुटुंबासह प्राणी चढवले जातात, सहा दिवस आणि सात रात्री वादळ चालते, जहाज डोंगरावर अडकते. मग तो आधी कबूतर, नंतर पाकोळी आणि शेवटी डोमकावळा सोडतो. पहिले दोन परततात, डोमकावळा परतत नाही. खाली उतरून तो यज्ञ करतो आणि त्याचा सुगंध येताच देव घोंगावणाऱ्या माश्यांसारखे भोवती गोळा होतात. बायबलच्या उत्पत्तीच्या पुस्तकात डोमकावळा आणि कबूतर सोडले जातात, क्रम तेवढा बदललेला आहे. तारवाला डांबर लावलेले आहे. आणि होमबलीचा सुवास देवाने घेतला, असे वाक्यही तिथे आहे. महापूर म्हटला की पक्षी सोडलेच पाहिजेत असा काही नियम नाही. इथे संबंध आहे, आणि तो कसा आला हेही बऱ्यापैकी दिसते. बॅबिलोनियातल्या अत्राहसीसच्या प्रलयकथेची प्रत इसवी सनापूर्वी सतराव्या शतकातली आहे, म्हणजे बायबलच्या लेखनापेक्षा कितीतरी जुनी. इस्रायलमधल्या मेगिद्दो येथे गिल्गमेश काव्याच्या पाटीचा तुकडा सापडलेला आहे, म्हणजे लेखनिकांच्या पाठशाळांमधून हे साहित्य त्या प्रदेशात पोचलेले होते. आणि इसवी सनापूर्वीच्या सहाव्या शतकात यहुदी लोक प्रत्यक्ष बॅबिलोनमध्ये बंदिवासात राहिले.

कथा एका हातातून दुसऱ्या हातात जाताना तिचा सांगाडा राहतो आणि तिचा अर्थ बदलतो, हे इथे फार स्पष्ट दिसते. अत्राहसीसच्या कथेत माणसांची संख्या वाढून त्यांच्या गोंगाटाने एन्लिल देवाची झोप उडते, म्हणून प्रलय येतो. बायबलमध्ये तोच प्रलय माणसाच्या पापाची शिक्षा होतो. २०१४ साली ब्रिटिश म्युझियमचे आयर्विंग फिंकेल यांनी सुमारे इसवी सनापूर्वी १७५० मधल्या एका पाटीचे वाचन प्रसिद्ध केले. तिच्यात नौका चक्क गोल आहे, दोर वळून केलेल्या प्रचंड टोपलीसारखी. इराकच्या नद्यांवर अशा गोल टोपल्यांच्या होड्या विसाव्या शतकापर्यंत चालत होत्या, आणि हंपीला तुंगभद्रा ओलांडताना ज्यांनी तशी होडी पाहिली आहे त्यांना तिची कल्पना लगेच येईल. कथा सांगणाऱ्याने आपल्या घाटावरची होडी घेतली आणि ती जगाएवढी मोठी केली.

आता मनूकडे येऊ. ही कथा सर्वांत जुन्या सविस्तर रूपात शतपथ ब्राह्मणात आहे, आणि ती मूळची वाचण्यासारखी आहे, कारण पुढच्या पुराणांनी तिच्यावर जे चढवले त्यातले तिच्यात जवळजवळ काहीच नाही. सकाळी हात धुवायला आणलेल्या पाण्यात मनूच्या हाती एक मासा येतो आणि म्हणतो, ‘मला सांभाळ, मी तुला तारीन.’ आम्ही लहान असतो तोवर मासाच माशाला गिळतो, असे तो सांगतो. मनू त्याला आधी घड्यात, मग खड्ड्यात आणि शेवटी समुद्रात ठेवतो. सांगितलेल्या वर्षी पूर येतो, मनू नौकेची दोरी माशाच्या शिंगाला बांधतो आणि मासा त्याला उत्तरेच्या पर्वताकडे नेतो. तिथे तो मनूला दोन सूचना देतो: नौका झाडाला बांध, आणि पाणी जसजसे ओसरेल तसतसा खाली उतर. ती उतरण मनूच्या नावाने ओळखली जाते, असेही ग्रंथ सांगतो. नंतर मनू पाण्यात तूप, दही अशा पदार्थांची आहुती देतो आणि वर्षभराने तिच्यातून इडा ही कन्या प्रकट होते. मासा म्हणजे प्रजापती ब्रह्मा, हे महाभारताच्या वनपर्वात येते, सप्तर्षी आणि बीजेही तिथेच नौकेत चढतात, आणि मासा विष्णूचा अवतार होतो तो त्याही पुढे, पुराणांत.

या कथेत पक्षी नाहीत, प्राण्यांच्या जोड्या नाहीत, पाप नाही, रागावलेला देव नाही. प्रलय का आला याचे कारणसुद्धा दिलेले नाही. मेसोपोटेमियाच्या, म्हणजे प्राचीन इराकच्या, कथेत मासा नाही. उरतात ते आगाऊ मिळालेली सूचना, नौका, डोंगर आणि शेवटचा यज्ञ. त्यामुळे ही कथा मेसोपोटेमियातून आली की इथेच जन्मली, यावर अभ्यासकांत खरा मतभेद आहे. वाट मोकळी होती हे नक्की: सिंधू संस्कृतीच्या मुद्रा मेसोपोटेमियातल्या ऊर नगरात सापडल्या आहेत आणि अक्कडचा राजा सार्गोन ‘मेलुह्हा’ची, म्हणजे बहुधा सिंधू प्रदेशाची, जहाजे आपल्या धक्क्याला लागत असल्याचे अभिमानाने नोंदवतो. पण वाट असणे म्हणजे तिच्यावरून कोणी गेलेच असणे नव्हे. माझे स्वतःचे मत असे आहे की मासा हा या कथेचा प्राण आहे आणि तो उसना वाटत नाही; दुबळ्याने मागितलेले संरक्षण आणि त्याने बलवान होऊन केलेली परतफेड, हा तिचा गाभा प्रलयाशिवायही उभा राहू शकतो.

सगळ्या जगाला बुडवणारा एकच पूर प्रत्यक्षात आला होता, असे मानणाऱ्यांनी इजिप्तकडे नीट पाहावे. इतक्या जुन्या आणि इतके लिहून ठेवणाऱ्या संस्कृतीत पाण्याने मानवजात बुडवण्याची प्रसिद्ध कथा नाही. तिथली संहाराची कथा वेगळीच आहे: सूर्यदेव रा माणसांवर रागावून सेख्मेत देवीला पाठवतो, ती रक्तपाताने बेभान होते, आणि तिला आवरण्यासाठी शेतांतून तांबड्या रंगाचे मद्य सोडले जाते, ते रक्त समजून ती पिते आणि शांत होते. म्हणजे इथे शेतात पसरलेला पूर माणसांना वाचवतो. यामागचे कारण नाईल नदीत आहे. तिचा पूर दरवर्षी ठरलेल्या काळात येई, गाळ टाकी आणि जाई. तो आला नाही तर दुष्काळ पडे. तैग्रिस आणि युफ्रेटिस या नद्यांचा पूर मात्र वसंतात, उभे पीक कापणीला आले असताना येई आणि पात्र बदलून गावेच्या गावे उठवी. दोन्ही ठिकाणी लोकांनी आपली नदी ओळखली आणि तिच्याप्रमाणे कथा सांगितली. चीनची कथा तर होडीचीही नाही, ती पाटबंधाऱ्यांची आहे. गुन बांध घालून पूर अडवू पाहतो आणि अपयशी ठरतो. त्याचा मुलगा यू कालवे खोदून पाण्याला वाट करून देतो, आणि त्या तेरा वर्षांत स्वतःच्या दारावरून तीनदा जाऊनही घरात पाऊल टाकत नाही.

या कथांमागचा खरा पूर शोधण्याचे प्रयत्न मात्र झाले आहेत आणि ते बोधप्रद आहेत. १९२९ च्या सुमारास लिओनार्ड वूली यांना ऊरच्या उत्खननात स्वच्छ गाळाचा आठ फुटांहून जाड थर लागला. त्याच्या खाली पुन्हा मानवी वस्तीचे अवशेष होते. हाच तो प्रलय, असे त्यांनी जाहीर केले आणि जगभर बातम्या झाल्या. पुढे लक्षात आले की ऊरमधल्याच सगळ्या खड्ड्यांत तो थर नाही, जवळच्या एरिदू नगरात तो नाही, आणि शुरुप्पक व किश येथे सापडलेले पुराचे थर वेगळ्या काळातले आहेत. शुरुप्पकचा पूर सुमारे इसवी सनापूर्वी २९०० मधला आहे, आणि कथेचा नायक शुरुप्पकचाच असावा ही गोष्ट मला लक्षणीय वाटते. जगाचा प्रलय नव्हे, पण एका नगराचे जग बुडवणारा पूर तिथे येऊन गेला होता. १९९७ साली विल्यम रायन आणि वॉल्टर पिटमन या भूशास्त्रज्ञांनी असे मांडले की सुमारे साडेसात हजार वर्षांपूर्वी भूमध्य समुद्राचे पाणी बॉस्फरसच्या सामुद्रधुनीतून उसळून काळ्या समुद्राच्या सरोवरात शिरले. नंतरच्या अभ्यासांनी पाण्याची ही चढण पुष्कळ लहान असल्याचे दाखवले आणि तो वाद अजून चालू आहे.

तरीही एक खरा आणि जगभराचा पूर होऊन गेला आहे. तो एका रात्रीत नव्हे, हजारो वर्षांत आला. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, हिमयुगाच्या ऐन भरात, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. पर्शियाचे आखात कोरडे होते, श्रीलंका भारताला आणि न्यू गिनी ऑस्ट्रेलियाला जमिनीने जोडलेली होती. बर्फ वितळला, समुद्र वर आला आणि सुमारे सात हजार वर्षांपूर्वी स्थिरावला. याची आठवण कोणी ठेवली असेल का? पॅट्रिक नन आणि निकोलस रीड यांनी ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरील २१ ठिकाणच्या आदिवासी कथा गोळा करून, त्यांत वर्णन केलेला किनारा समुद्र किती खाली असताना तसा असेल, हे तपासले. कांगारू बेटाची कथा त्यांतलीच. न्गुरुंदेरी हा पूर्वज पळालेल्या दोन बायकांचा पाठलाग करतो. त्या आज जिथे समुद्र आहे तिथून चालत बेटाकडे निघालेल्या असतात. तो पाणी वाढवतो आणि त्या बुडून खडक होतात. ते बेट मुख्य भूमीपासून तुटले ते सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी. एवढा काळ आठवण तोंडी टिकली हे सर्वांना पटलेले नाही, पण इथे निदान कथेतला तपशील भूगोलाशी ताडून पाहता येतो.

असे ताडून पाहताना सावध का राहावे लागते, ते बुलढाणा जिल्ह्यातले लोणार शिकवते. लवणासुर नावाचा दैत्य भूमीखाली लपून त्रास देई, विष्णूने दैत्यसूदन रूपाने त्याला मारले आणि त्याचे बीळ म्हणजे हे सरोवर, अशी कथा आहे. दैत्यसूदनाचे देखणे मंदिर तिथे उभे आहे. दुसरीकडे भूशास्त्र सांगते की हे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर उल्कापाताने झाले. आकाशातून आलेली शक्ती, जमिनीत पडलेले भगदाड: कोणालाही वाटेल की पूर्वजांनी उल्का पाहिली होती. परंतु २०११ साली प्रसिद्ध झालेल्या आर्गॉन-मापनानुसार हे विवर सुमारे ५ लाख ७० हजार वर्षांपूर्वीचे आहे, म्हणजे आपली मानवजात जन्मण्याच्याही आधीचे. जुन्या एका मापनात आलेला ५० हजारांचा आकडा धरला, तरी ती आठवण टिकणे अशक्यप्राय आहे. लोकांनी खारे पाणी चाखले, विलक्षण खड्डा पाहिला आणि त्या दोहोंना पुरेल अशी गोष्ट रचली. याउलट अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये क्लॅमथ लोक सांगतात की पाताळाचा लाओ आणि वरच्या जगाचा स्केल यांच्या युद्धात पर्वत कोसळला आणि तिथे तळे झाले. माउंट मझामा हा ज्वालामुखी सुमारे ७,७०० वर्षांपूर्वी खरोखरच तसा कोसळला, आणि त्याच्या राखेच्या थराखाली, फोर्ट रॉक येथील गुहेत, झुडपांच्या सालीच्या विणलेल्या चपला सापडल्या आहेत. तिथे पाहायला माणसे होती.

शेवटी आकाश. ते सर्वांना जवळजवळ सारखेच दिसते, त्यामुळे साम्य असायचेच. आणि तरीही सर्वांत अवघड कोडे तिथेच आहे. ऐतरेय ब्राह्मणात प्रजापती हरणाच्या रूपाने आपल्या कन्येच्या, रोहिणीच्या, मागे लागतो आणि देव त्याला बाणाने विंधवतात. म्हणून मृग, मृगव्याध, रोहिणी आणि तीन कांड्यांचा बाण असे सगळे आकाशात आहेत. तो बाण म्हणजे मृगाच्या पोटातले ओळीतले तीन तारे. ग्रीकांनी त्याच ताऱ्यांत ओरायन हा शिकारी पाहिला, आणि तोही कृत्तिकांच्या मागे धावतो. लोकमान्य टिळकांनी १८९३ च्या आपल्या ‘ओरायन’ या ग्रंथात अशी साम्ये हे वेद आणि ग्रीक यांच्या सामायिक वारशाचे चिन्ह मानले आणि त्यावरून वेदकाळ सुमारे इसवी सनापूर्वी ४००० पर्यंत मागे नेला. त्यांची कालगणना आज बहुतेक विद्वान स्वीकारत नाहीत. भाषा एका कुळातल्या असतील तर कथाही एका कुळातल्या असू शकतात, हा विचार मात्र टिकून आहे.

पण ऑस्ट्रेलियाचे आदिवासी त्या भाषाकुळातले नाहीत, आणि त्यांच्या अनेक समाजांतही कृत्तिकांच्या पुंजक्यातले तारे म्हणजे सात बहिणी आहेत, व त्यांच्या मागे एक पुरुष लागलेला आहे. त्याहून विलक्षण गोष्ट अशी की बहुतेकांना डोळ्यांनी सहाच तारे मोजता येतात, आणि सातवी कुठे गेली याची गोष्टही सोबत असते. ग्रीक म्हणत की मेरोपी मर्त्य माणसाशी लग्न केल्याच्या लाजेने लपली. आपल्याकडे तैत्तिरीय परंपरा अंबा, दुला, नितत्नी, अभ्रयंती, मेघयंती, वर्षयंती आणि चुपुणीका अशी सात नावे देते. पुढे कार्तिकेयाच्या माता सहा होतात, आणि वनपर्वात स्वाहेला सहा ऋषिपत्नींची रूपे घेता येतात, पण सातवीचे, अरुंधतीचे, घेता येत नाही. सहा दिसत असताना सात म्हणणे आणि एक हरवल्याचे सांगणे, हा अगदी तो अकारण बारकावा आहे, ज्याच्याविषयी मी वर लिहिले.

ऑस्ट्रेलियाचे खगोलशास्त्रज्ञ रे नॉरिस यांनी यावर एक धाडसी मांडणी केली आहे. पुंजक्यातले प्लिओनी आणि ॲटलस हे दोन तारे आज एकमेकांना इतके चिकटलेले दिसतात की डोळ्याला ते एकच वाटतात. ताऱ्यांची गती मोजून मागे गेले तर सुमारे एक लाख वर्षांपूर्वी ते वेगळे दिसत असावेत. तेव्हा माणसे आफ्रिकेत होती, आणि ही कथा तिथूनच सर्वांबरोबर निघाली असावी, असे ते म्हणतात. आक्षेपही वजनदार आहेत. सात ही संख्या अनेक समाजांना प्रिय आहे, तीक्ष्ण नजरेला सहापेक्षा जास्त तारे दिसतात, आणि एक लाख वर्षांची वाटचाल ज्या आफ्रिकेतून सुरू झाली तिथल्या कथांमध्ये हे रूप तितक्याच ठळकपणे सापडायला हवे. कार्तिकातल्या निरभ्र संध्याकाळी, गावाच्या दिव्यांपासून दूर, पूर्वेला वर येणारा हा पुंजका कोणालाही मोजता येईल. घरातल्या लहान मुलाला मोजायला सांगितले तर त्याची संख्या आपल्याहून एखाद-दुसऱ्याने जास्त भरण्याचा संभव आहे.